काटकसरीची मैफल

चार्जर काढला की लॅपटॉपला एकाएकी काटकसर सुचते. प्रोसेसरचा वेग उतरतो, वायफायचं कार्ड डुलक्या काढू लागतं आणि भीमसेनांची तान उचकी लागल्यासारखी तुटते. पडद्यावर ओठ पुढे, आवाज मागे. घरातले तज्ज्ञ मग स्पीकर बदलतात, साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, तरी भागलं नाही तर नेटवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. (तो बिचारा या वेळी खरंच निर्दोष असतो!) विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीवरची ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ कुणा शहाण्याने 50 टक्क्यांवर बांधून ठेवलेली असते, तिकडे कुणी फिरकत नाही. ती 100 करा, वायफायची वीजबचत बंद करा, तान बहुधा सलग येते. बॅटरी मात्र भैरवीच्या आधीच मान टाकते.