कुणालाही कळू न देता ड्रायव्हर कसा सुधारावा

उद्दिष्ट सोपं आहे: लॅपटॉपचा लिनक्स ड्रायव्हर आतून पार बदलायचा आणि वापरणाऱ्याला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. शहापूर-मुरबाडच्या होतकरूंनी पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

१. फाइल शोधा. बॅटरी किती टक्क्यांना भरायची थांबवावी, तो आकडा 'सिस' फोल्डरच्या पोटातल्या एका इवल्या फाइलमध्ये असतो. एका फाइलमध्ये एकच आकडा, हा दंडक. त्यासाठी जागा मात्र अख्ख्या पानाची, ४०९६ बाइट. जीव हळहळेल, पण दुसरा आकडा कोंबू नका.

२. हाताने फाइली बनवणं सोडा. जुना ड्रायव्हर एकेक फाइल स्वतः तयार करतो आणि मध्येच अडला की एकेक स्वतःच पुसत बसतो. तुम्ही फाइलींची यादी ड्रायव्हरच्या 'डेव्ह_ग्रुप्स' या रकान्याच्या हवाली करा. मांडणं-आवरणं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बघेल. तुमच्या मॉडेलात जी सोय नाही, तिची फाइल 'इज_व्हिजिबल' वापरून झाका. नसलेल्या पंख्याचा वेग मोजणारी माणसं जगात आहेत.

३. आकडा फाइलीत छापणारा 'स्प्रिंटएफ' दिसला की तिथे 'सिसएफएस_एमिट' लिहा. २०२० साली आलेल्या ५.१० कर्नलपासून तो मिळतो. त्यामुळे मजकूर पानाबाहेर सांडत नाही. तुमचा तीन अंकी आकडा आधीही सांडत नव्हता. तरीही लिहा.

४. जुन्या नावाला हात लावू नका. कुठेतरी कुणाची तरी स्क्रिप्ट त्या नावावर जगते. ती मोडली तर दोष तुमचाच, यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स ठाम आहेत. थिंकपॅडच्या ड्रायव्हरने 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' हे सर्वमान्य नाव घेतलं आणि जुनं 'चार्ज_स्टॉप_थ्रेशोल्ड'ही राहू दिलं. नावं दोन, आकडा तोच. सातबारा वाचणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही: कूळ केव्हाच गेलं, 'इतर हक्कां'त नाव ठाण मांडून बसलंय. कर्नलच्या नियमावलीत 'ऑब्सोलीट', म्हणजे कालबाह्य, नावाचा कप्पा आहे. तिथे जुन्या नावाची नोंद करा आणि नातवंडांना सांगून ठेवा.

५. पॅच, म्हणजे केलेला बदल, पाठवा. साध्या मजकुराचा ईमेल, अटॅचमेंट नाही, एका पॅचमध्ये एकच बदल, टॅब आठ अक्षरांचा. ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर येईल: कोड ठीक, वर्णन नीट लिहा. दुसरी आवृत्ती पाठवा. मग तिसरी. शहापूरकरांनी धीर धरावा. मुरबाडकरांना सांगायला नको, रेल्वे गावात यायची वाट पाहून त्यांचा सराव झालेलाच आहे.

६. यश तपासा. नवं कर्नल चालू करा, फाइल वाचा. कालचाच आकडा दिसला? अभिनंदन! आता जाणकारांचं ऐकून तिथे ८० लिहा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. मृगाच्या पहिल्या सरीला वीज जाईल, अंधार पडला तरी परतणार नाही, आणि ते सोडून दिलेले वीस टक्के तुम्हाला फार आठवतील. वीज आली की गुपचूप १०० लिहून टाका. ड्रायव्हरला कुणी हातही लावला नसता, तरी बॅटरी तेवढीच भरली असती.