माहितगार

जंगलात बोलू नये, भडक कपडे घालू नयेत आणि माझ्या जिप्सीत बसू नये, असे तीन नियम आमच्या मित्रमंडळात आहेत. त्यातले पहिले दोन वनखात्याचे.

माझा अभ्यास दांडगा, ही खरी अडचण. कुठलंही अभयारण्य ठरलं की मी आधी पुस्तकं आणतो, टिपणं काढतो आणि गेटातून आत शिरताच ते सगळं तोंडावाटे बाहेर पडायला लागतं. ताडोब्याला मोहर्ली गेटातून आत गेलो तो मे महिना होता. मी सीटवर उलटा वळून मागच्या मंडळींना समजावत होतो, "1955 सालचं हे आपल्या राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. नंतर अंधारी अभयारण्य त्याला जोडून..." एवढ्यात मंडळी विलक्षण एकाग्र झाली. गाइडने वळवळ थांबवली. हिचे तर डोळे भरून आले. इतका तल्लीन श्रोतृवर्ग मला जन्मात लाभला नव्हता, म्हणून मी आवाज चढवला. वाघीण माझ्या पाठीमागून रस्ता ओलांडून बांबूत शिरली तेव्हा मी 1995 सालापर्यंत, म्हणजे व्याघ्र प्रकल्पापर्यंत आलो होतो. शेजारच्या जिप्सीतल्या एका मुलाने काढलेला फोटो नंतर पाहिला. वाघीण शेपटीसकट आली आहे. तिच्या वर माझं उंचावलेलं बोट आहे.

काझीरंग्यात गेंडा न दिसणं अवघड. तो रस्त्याकडेलाच चरत असतो. मी मात्र दुर्बीण लावून लांबच्या दलदलीतला एक हेरला आणि त्याच्या चिलखतासारख्या कातडीवर बोलू लागलो. 1905 साली जंगल राखीव झालं तेव्हा हे गेंडे कसे मूठभर उरले होते, इथवर आल्यावर ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "सर, वो भैंस है." रानम्हैस. मी म्हटलं, शिंग एकच दिसतंय. "दूसरा पीछे है, सर." गेंडा आमच्या डाव्या हाताला उभा होता, आणि इतरांचे त्याच्याबरोबर फोटोही काढून झाले होते.

भरतपूरच्या सायकलरिक्षावाल्यांना पक्ष्यांची जाण कुठल्याही पदवीधराला लाजवील अशी. मी एका दुर्मीळ घुबडाकडे त्याचं लक्ष वेधलं. त्याने वाद घातला नाही, रिक्षा जवळ नेली. बाभळीचं खोड होतं. तिथे मंदिराजवळ संस्थानी शिकारींचे आकडे दगडात कोरलेले आहेत: 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी एका दिवसात 4273 पक्षी पाडले. मी संतापून त्यावर बोलत राहिलो. ही शांतपणे म्हणाली, "अहो, त्यांना निदान दिसले तरी."

कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं दिसली, भरपूर दिसली. त्यावर हिने काढलेले उद्गार इथे देत नाही. माळढोकाचं तर बोलूच नका. 1979 साली सोलापूर-नगरचे तालुकेच्या तालुके त्याच्यासाठी राखीव केले, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पुढे ते क्षेत्र बरंच आटवलं गेलं, पण त्या काळात माझी करमाळ्याची सासुरवाडी अभयारण्यात मोडत होती. माळढोक मला नान्नजला दिसला नाही, करमाळ्यालाही नाही. सासरे दिसले.

तर मेळघाट. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधतात. ऐन उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, तहानलेलं जनावर तिथे येणारच, आणि चांदण्यात दिवा न लावता ते मोजता येतं, हा हिशेब. वाघांची मोजदाद आता अशी होत नाही. कॅमेऱ्यात आलेले पट्टे जुळवून होते, आणि 2022 च्या गणनेत देशात किमान 3167 वाघ निघाले. त्यातल्या एकाशीही माझी ओळख नसल्यामुळे मी मचाणासाठी नाव दिलं.

सोबत एक कोरकू वनमजूर होता. पहिलं काम म्हणजे त्याने माझं बोचकं हुंगलं. लसणाची चटणी, आंब्याचं लोणचं आणि डोक्याला चोळायचा बाम त्याने काढून घेतला आणि दूर नेऊन ठेवला. मग मी त्याला अस्वलाविषयी माहिती दिली. नाक तिखट, पण डोळे आणि कान बेताचेच. त्याचा जन्म याच जंगलातला, तरी त्याने ऐकून घेतलं.

पाणवठा जेमतेम दोन घंगाळांएवढा. चंद्र वर आला तसं पाणी दिसेनासं होऊन नुसती चकाकी उरली. काठावर पानं वाजली आणि मागोमाग बारीक खुळखुळ, सुकलेल्या शेंगा हलवाव्यात तशी. साळिंदर! काटे एकमेकांवर घासत ते काठाशी आलं, नाक खाली घातलं. इतक्या जवळून ते मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्या आनंदात माझ्या तोंडून त्याचं शास्त्रीय नाव बाहेर पडलं. मोठ्याने. साळिंदराला ते बहुधा पसंत पडलं नाही.

"साहेब, आता गप बसा," वनमजूर म्हणाला.

मी गप बसलो. गप बसलो की मला झोप येते.

उजाडताना त्याने मला हलवलं आणि नोंदीचा तक्ता पुढे केला. वेळ, प्राणी, संख्या, शेरा, असे रकाने. साळिंदराची नोंद होती, सांबरांची होती. त्याखाली गोल, नीटस अक्षरात: रात्री 2.40. अस्वल. 1. पाणी न पिता परत. शेरा: मचाणावरून घोरण्याचा आवाज.

"त्याला ऐकू कमी येतं ना?" मी विचारलं.

"ह्याला येत होतं," तो म्हणाला, आणि निरीक्षकाची सही कुठे करायची ते दाखवलं.