सरासरीत बुडालेली वस्ती

ग्लासगोच्या कॅल्टन वस्तीत पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षं होतं, शहरालगतच्या लेन्झीत ८२. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्ये हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. देश एक, मोफत सरकारी आरोग्यसेवाही एकच, आणि आयुष्यात २८ वर्षांची तफावत! ती दिसली, कारण तिथली मोजणी वस्तीपर्यंत उतरली होती.

स्कॉटलंडमधल्या वस्त्यांचा वंचितपणा मोजायला व्हेरा कार्स्टेअर्स आणि रसेल मॉरिस यांनी १९८१ च्या जनगणनेतून चारच गोष्टी उचलल्या होत्या: एका खोलीमागे एकाहून जास्त माणसं, बेरोजगार पुरुष, कुटुंबप्रमुखाचं हलक्या दर्जाचं काम आणि घरी मोटार नसणं. या मापात खोट आहेच. हायलँड्सच्या दुर्गम भागात बसची सोय नाही, म्हणून तिथला गरीबही पोटाला चिमटा काढून मोटार ठेवतो आणि हिशेबात सुखवस्तू ठरतो. पण या मापाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: त्यात आजारही नाहीत आणि गुन्हेही नाहीत. स्कॉटलंडचा नंतरचा सरकारी वंचितता निर्देशांक सात-आठशे माणसांच्या तुकड्यापर्यंत जातो, मात्र आरोग्य आणि गुन्हे त्यात आधीच मिसळलेले आहेत. ते न वगळता त्याच अंकावरून ‘वंचित भागात गुन्हे जास्त’ असं सिद्ध करणं म्हणजे प्रश्नातच उत्तर पेरणं. असे नकाशे छापून गरिबांच्या वस्त्यांवर गुन्हेगारीचा शिक्का मारू नये.

मोजून पुढे काय करायचं, हे ग्लासगोच्या पोलिसांनी दाखवलं. २००४-०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये १३७ खून झाले होते. कॅरिन मॅक्लस्की आणि जॉन कार्नोकन यांनी २००५ मध्ये पोलीस दलातच हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक उभं केलं आणि चाकूहल्ल्याकडे साथीच्या रोगासारखं पाहायला सुरुवात केली: तो कुठे पसरतो, कोणाला आधी गाठतो, कसा थोपवता येतो. २००८ पासून टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयाच्या दालनात बोलावलं जाऊ लागलं. मुलगा गमावलेली आई त्यांच्याशी बोले, जखमा शिवणारा डॉक्टर बोले. पोलीस दम देत, आणि त्याच बैठकीत शिक्षणाची, कामाची वाट दाखवली जाई. दहा वर्षांत खून निम्म्याहून कमी झाले. सगळं श्रेय या पथकाचं नव्हे; शिक्षाही कडक झाल्या होत्या आणि हिंसा इतरत्रही उतरत होती. पण पोलिसांनीच नोकरी आणि शाळेची भाषा बोलावी, ही साधी गोष्ट नाही.

आता मुंबईकडे या. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक १२ निकषांवर उभा आहे: पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, बँक खातं वगैरे. त्यात घरातली दाटी नाही आणि बेकारीही नाही. शिवाय तो जिल्ह्यापाशी थांबतो. मुंबई उपनगर हा एकच जिल्हा, म्हणजे जुहू आणि गोवंडी एकाच अंकात. या सरासरीने गोवंडीचं काय भलं होणार? कार्स्टेअर्सचं माप उचलून आणा असंही मी म्हणत नाही. एका खोलीमागे एकाहून जास्त माणसं हा निकष लावला तर मुंबईतल्या चाळी आणि झोपड्या सरसकट त्यात येतील. आपली मापं आपणच ठरवायला हवीत: संडासासाठी किती वेळ रांग, पाणी नळाचं की विकतचं, घरात महिनाभर काम कोणाला मिळालं. आणि हे वॉर्डाच्याही खाली, वस्तीनिहाय.

एक काम मात्र जनगणनेची वाट न पाहता होईल. वेल्समधल्या कार्डिफच्या जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की मारहाणीत जखमी होऊन इस्पितळात आलेल्यांतल्या बहुतेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तिथे जखमीला विचारलं जाऊ लागलं: कुठे झालं, केव्हा, कशाने? नाव गाळून ही माहिती महापालिका आणि पोलिसांपर्यंत दर महिन्याला जाऊ लागली. आपल्याकडे कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे न्यायवैद्यक प्रकरणाची, नोंद होतेच. तिच्यातली जागा, वेळ आणि हत्यार तेवढं काढा, नावं झाका, आणि ती यादी पोलीस ठाण्याबरोबर वॉर्ड ऑफिसरच्या आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावरही ठेवा.