नुसतं बटण दाबायचं!

सेटअपवाला ओळखायचा तर त्याच्या घरीच जावं लागतं. ऑफिसात तो चारचौघांसारखा असतो. वय अडतीस ते पंचेचाळीस, नोकरी हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत, गृहकर्जाचे निम्मे हप्ते फेडून झालेले. पण त्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की टीव्हीखालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि वाय-फायच्या राउटरशेजारी, एक काळा चौकोनी डबा दिसतो. पाहुण्याने सहज विचारावं, "कॉम्प्युटर का?" की चहा येईपर्यंतचा वेळ गेलाच म्हणून समजा. "कॉम्प्युटर नाही हो! म्हणजे आत कॉम्प्युटरच आहे, पण चालतो कन्सोलसारखा. नुसतं बटण दाबायचं!" असं म्हणून तो बटण दाबतो. पडदा उजळतो आणि त्यावर अक्षरं उमटतात : अपडेट चालू आहे, 14 टक्के पूर्ण, यंत्र बंद करू नका.

या हौसेची मुळं नव्वदच्या दशकात आहेत. निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमच्या नकला तेव्हा आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून सर्रास मिळायच्या. त्यात 'कॅसेट' खुपसायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. कॅसेटवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ' लिहिलेलं असे, आत मारिओ आणि कॉन्ट्रा धरून मोजके पाच-सहा. पण टीव्ही हॉलमध्ये होता, म्हणून खेळही हॉलमध्ये होता. दोन रिमोट, चार भावंडं, 'आता माझी पाळी' यावरून मारामारी आणि सातच्या बातम्यांना वडिलांनी पाडलेला पडदा. पुढे घरात कॉम्प्युटर आला तो 'अभ्यासासाठी'. तो आतल्या खोलीत, प्लॅस्टिकचं कव्हर पांघरून, भिंतीकडे तोंड करून बसला. खेळ सुधारले, चित्रं खरी दिसायला लागली. खेळणारा मात्र खोलीत एकटा पडला.

सेटअपवाल्याला पीसीचे खेळ हवेत आणि हॉलमधली माणसं हवीत. दोन्ही एकाच सोफ्यावर आणायचं, एवढंच त्याचं म्हणणं आहे. म्हणणं चुकीचं नाही.

"मग सरळ प्लेस्टेशन का नाही घेतलास?" हा प्रश्न त्याला कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारी बहुधा बायको असते. त्याचं उत्तर तयार असतं. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला, तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 49,990 रुपये होती. पण सोनीचा नवा खेळ घ्यायचा तर 4,999 रुपयांपर्यंत मोजा, आणि बहुतेक विकतचे खेळ इंटरनेटवर मित्रांशी खेळायचे तर वर्गणी वेगळी. पीसीवर ती वर्गणी नाही. शिवाय व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम हे दुकान 2015 पासून रुपयांत व्यवहार करतं. उन्हाळ्यात आणि नाताळात तिथे असे सेल लागतात की माणूस मोहाला बळी पडतोच. त्याच्याकडे तिथे शेकडो खेळ जमलेत. त्यातले निम्म्याहून जास्त त्याने एकदाही उघडलेले नाहीत, पण 'घेतलेले आहेत', आणि घेतलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही हा घरचा संस्कार.

"म्हणजे शंभर-दोनशेचे खेळ वाया जाऊ नयेत म्हणून लाखाचा डबा?" बायको विचारते. या प्रश्नाच्या उत्तराची तो अजून तयारी करतो आहे.

डबा त्याने तयार घेतलेला नाही, जुळवलाय. मुंबईकर असेल तर त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, वाऱ्या झाल्यात. हॉलमध्ये शोभायचा तर पीसी लहान हवा, म्हणून बोर्ड 17 सेंटिमीटर चौरस, मिनी-आयटीएक्स मापाचा. त्याला बेताचा पॉवर सप्लाय, आणि ग्राफिक्स कार्ड मिलिमीटरमध्ये मोजून. कपाट एवढंसं आणि आतली मंडळी तापट, तेव्हा पंखे शांत हवेत. मग टीव्ही युनिट बनवणाऱ्या सुताराला पुन्हा बोलावणं आलं. "मागच्या फळीला जाळी पाडून द्या, गरम हवा बाहेर जायला पाहिजे." सुताराने फळी पाहिली, डबा पाहिला आणि विचारलं, "साहेब, आत शेगडी ठेवणार का?"

हा सगळा खटाटोप आपल्या एकट्याच्या डोक्यातला नाही, हे पाहुण्याला पटवण्यासाठी त्याने इतिहास पाठ केलेला असतो. व्हॉल्व्हने 2012 मध्ये स्टीमला 'बिग पिक्चर' नावाचं रूप दिलं : सोफ्यावरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, माउसऐवजी हातात कंट्रोलर. पुढच्याच वर्षी स्टीमओएस ही लिनक्सवरची प्रणाली जाहीर झाली. नोव्हेंबर 2015 मध्ये एलियनवेअरसारख्या कंपन्यांनी 'स्टीम मशीन' नावाचे डबे बाजारात आणले. ते सपाटून पडले, कारण बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले आणि डबे लिनक्सचे. त्यांच्यासोबतचा स्टीम कंट्रोलर तर 2019 च्या अखेरीस 5 डॉलरला काढून टाकला. न्यू जर्सीच्या चुलतभावामार्फत मागवलेला तसला एक सेटअपवाल्याच्या शोकेसमध्ये, लग्नातल्या चांदीच्या भांड्यांशेजारी मांडलेला आहे.

इथे त्याचा आवाज चढतो. 2018 मध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' आणलं. विंडोजसाठी लिहिलेला खेळ जे काही मागतो, ते प्रोटॉन चालत्या खेळातच लिनक्सला समजेल असं करून देतं. त्याच्या जोरावर 2022 मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं आणि चाललं. खेळ ऐन रंगात असताना बटण दाबून झोपवा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॉल्व्हने नवं स्टीम मशीन जाहीर केलं : साधारण 16 सेंटिमीटरचा ठोकळा, आत एएमडीचा सहा कोअरचा प्रोसेसर, 16 जीबी मेमरी, ग्राफिक्सची 8 जीबी वेगळी. कंपनीचा दावा स्टीम डेकच्या सहापट ताकदीचा. त्या रात्री सेटअपवाल्याने मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकली : "मी काय म्हणत होतो?" कुणालाच आठवेना.

गंमत अशी की कन्सोल तरी कुठे वेगळा आहे? मायक्रोसॉफ्टच्या 2001 सालच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा 733 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि 8 जीबीची हार्ड डिस्क, म्हणजे तेव्हाच्या कुठल्याही घरगुती कॉम्प्युटरचं सामान. 2013 पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोघांच्याही पोटात एएमडीच्या पीसी घराण्यातलाच प्रोसेसर आहे. तेव्हा सेटअपवाला कॉम्प्युटरचा कन्सोल करू पाहतो आणि कन्सोल आतून केव्हाचाच कॉम्प्युटर झालेला असतो. फरक उरतो तो वळणाचा.

आणि वळण हीच अवघड गोष्ट. कन्सोलच्या कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्हीही जागा होतो आणि आपणहून योग्य इनपुटवर जातो. टीव्ही आणि यंत्र एचडीएमआयच्या तारेतूनच एकमेकांशी बोलतात, सीईसी म्हणतात त्याला. पीसीच्या ग्राफिक्स कार्डांना ही भाषा सहसा येत नाही (नव्या स्टीम मशीनला येते, हे सेटअपवाला आवर्जून सांगतो). त्याच्या घरी म्हणूनच दोन रिमोट, एक कंट्रोलर आणि सोफ्याच्या उशीखाली एक वायरलेस कीबोर्ड असतो. कीबोर्ड कशाला? "लागत नाही," तो म्हणतो, "पण असलेला बरा."

रविवारी मित्र फुटबॉल खेळायला येतात. खेळाचं नाव 2023 पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालंय, पण मंडळी अजून 'फिफा'च म्हणतात. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर दुसऱ्याच कंपनीची खिडकी उघडते आणि पासवर्ड मागते. तिथे कंट्रोलर चालत नाही. उशीखालचा कीबोर्ड निघतो, त्याची बॅटरी उतरलेली असते. घड्याळातला सेल काढून कीबोर्डमध्ये जातो. मित्र समोसे संपवतात. विंडोजचा हा जाच नको म्हणून त्याने मध्यंतरी डब्यात लिनक्स घालून पाहिलं. सगळं लोण्यासारखं चालू लागलं, फक्त नेमका हा फुटबॉल बंद पडला. त्याच्यातली फसवणूक पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही. मुलाचे 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट'ही त्याच कारणाने गेले. मुलगा काही बोलला नाही. तो समोरच्या फ्लॅटमध्ये खेळायला जाऊ लागला, तिथे प्लेस्टेशन आहे.

घरातल्या बाकीच्यांनीही आपापली तडजोड केली आहे. बायकोची मालिका साडेआठला लागते आणि पावणेनऊपर्यंत "अहो, हे एचडीएमआय एक का दोन?" चालतं. आईंना डब्याचा दिवा रात्री दोनला आपोआप लागलेला दिसला, तेव्हापासून त्या झोपण्याआधी स्विचच बंद करतात. झोपवलेलं विंडोज अपडेटसाठी कधीकधी स्वतःच जागं होतं, हे सेटअपवाल्याने त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्विच बंद केला.

तो स्वतः खेळतो किती? पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा आकडा असतो. तो 60 वरून 54 वर आला की नायक कड्यावरून कोसळत असला तरी हा सेटिंग उघडतो. सावल्या कमी करतो, पाणी मध्यमवर आणतो, पुन्हा सुरू करतो, नायक पुन्हा कोसळतो. आकडा मात्र 60 वर थांबतो आणि तो समाधानाने झोपायला जातो.

पण एखादी संध्याकाळ अशी येते की काहीच अडत नाही. तो 'ओव्हरकुक्ड' लावतो. 2016 चा हा खेळ : चौघांनी मिळून पडद्यावरचं स्वयंपाकघर चालवायचं. कांदा चिरा, रस्सा ढवळा, ताटली धुवा, ऑर्डर पोचवा. बायको पहिल्यांदाच कंट्रोलर हातात घेते आणि दोन मिनिटांत नवऱ्याला कळतं की घरात नियोजन कुणाचं चालतं. "तू चिरतोच आहेस अजून? ताटल्या कोण विसळणार?" मुलगा समोरच्या फ्लॅटमधून परत येतो. नंतर 'राजी' लागतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये केलेला हा खेळ : असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. आई जप थांबवून बघत बसतात. "पोरगी धीट आहे," म्हणतात. त्या रात्री कोपऱ्यातला आकडा कितीवर होता, हे सेटअपवाल्याने पाहिलेलं नसतं.

तुमच्याही मनात असा डबा घ्यायचं आलं असेल, तर हिशेब सोपा आहे. ऑफिसातून दमून आल्यावर फक्त खेळायचं असेल, किंवा मुलांचा जीव 'फोर्टनाइट'वर असेल, तर कन्सोल घ्या. स्टीमवर आधीच खेळांचा ढीग साठला असेल, स्वस्तातले जुने आणि लहान लहान खेळ आवडत असतील आणि अधूनमधून उशीखालचा कीबोर्ड काढायची तयारी असेल, तर डबा घ्या. आतली प्रणाली आता 2015 पेक्षा फार पुढे आलेली आहे. सल्ला विचारायला सेटअपवाल्याकडे जरूर जा, माणूस मनापासून सांगतो. फक्त शनिवार अख्खा मोकळा ठेवा, आणि कीबोर्डचे सेल घरूनच न्या.