सातभाषे

सातपुते, सातभाई, सातव ही आडनावं आहेत. सातभाषे हा हुद्दा आहे. दर्यापुरात तो कुणी कुणाला देत नाही, ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. बसस्टँडसमोरची चहाची टपरी, बाजार समितीचा ओटा, बनोशातल्या कृषी केंद्राबाहेरचं बाकडं, अशा ठिकाणी एक तरी सातभाषे बसलेले सापडतात. वय पन्नाशीपुढे, खिशाला कधीही न उघडलेला पेन, आणि परका माणूस दिसला की डोळ्यांत चमक. "कोठचे पाव्हने?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी दुसरं वाक्य ठरलेलं: "हाव काय! येते ना मले तुमची भाषा."

सात कशा, ते बोटांवर मोजून दाखवतात. मराठी एक, वऱ्हाडी दोन, हिंदी तीन, उर्दू चार. घराचा उंबरठा न ओलांडता निम्म्याहून जास्त माल गोळा झाला. कापसाच्या व्यापाऱ्यांमुळे पाचवी मारवाडी, हार्वेस्टरवाल्या सरदारजींमुळे सहावी पंजाबी. सातवी इंग्रजी, "ते तं आता सगळ्यायलेच येते." कोरकू त्यांनी राखीव ठेवली आहे. यातली एखादी कुणी नामंजूर केलीच, तर तिच्या जागी लावायला.

सरकारचा हिशेब नेमका उलटा. जनगणनेवाले मारवाडी आणि बंजारा या दोन्ही बोल्या उचलून हिंदीच्या खात्यात जमा करतात. सातभाषे एकीच्या दोन करतात, सरकार अनेकींची एक करतं. देशातल्या भाषा मोजायला सातभाष्यांना बसवलं असतं तर आपण जगाला भारी पडलो असतो.

त्यांची हिंदी मी पुष्कळदा ऐकली आहे. "भाऊ, इत्ते में मेरेको पुरता नहीं ना बाप्पा, थोडा वर सरक." उर्दू म्हणजे हीच हिंदी, फक्त मान किंचित झुकवून आणि शेवटी 'जनाब' लावून. इंग्रजी बँकेसाठी राखलेली: "सर, माय सातबारा नॉट कमिंग. सर्व्हर डाऊन. ही टेलिंग टुमारो, टुमारो, आन मी येऊन रायलो डेली." साहेब हसतात, पण काम करतात. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशात जेमतेम अडीच लाख होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असं सांगणारे जवळपास तेरा कोटी. त्या तेरा कोटींत सातभाषे आहेत. असे आणखी किती असतील ते सांगता येत नाही, कारण मोजणारा परीक्षा घेत नाही. वाचता-लिहिता आलं पाहिजे अशीही अट नाही. बोललेलं समजलं आणि बोलता आलं की पुरे. आता कुणाला समजलं पाहिजे, हे मात्र मोघम राहिलं.

वऱ्हाडी तोंडात 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. डोळा डोया होतो, शाळा शाया होते. हा कर सातभाषे परभाषेलाही सारखाच लावतात. दवाखान्यात केरळच्या सिस्टर भेटल्या तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "मले मल्यायमबी समजते थोडंसं. ते आन तमिय जवयजवय एकच." सिस्टर नम्रपणे म्हणाल्या, "बाबाजी, हात सरळ ठेवा." मराठीत म्हणाल्या, आणि ळ शाबूत ठेवून.

खरं तर या रोगाचा दोष एकट्या सातभाष्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या हुकमतीत होता, म्हणजे वरचा कागद फारसीत. मग इंग्रज आले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला आणि नागपूरच्या राजधानीत मराठीशेजारी हिंदी येऊन बसली. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, तिथे गुजराती होती. १९६० ला महाराष्ट्र झाला. दर्यापूरचा माणूस चंद्रभागेकाठी आपल्या जागीच उभा, आणि साहेबांची भाषा मात्र डोक्यावरून ढगांसारखी बदलत गेलेली. अशा ठिकाणी धड एक भाषा शिकण्यापेक्षा सगळ्यांचे चार-चार शब्द खिशात ठेवणं शहाणपणाचंच. पुढचा साहेब कोणता येईल, काय नेम!

हरभऱ्याच्या हंगामात पंजाबातून हार्वेस्टर येतात. तेव्हा सातभाष्यांना उसंत नसते. अख्खं गाव त्यांना दुभाषा म्हणून पुढे करतं. ते धोतराचा सोगा सावरत मशीनपाशी जातात आणि खणखणीत आवाजात "सत् श्री अकाल, पाजी!" म्हणतात. इथपर्यंत पंजाबी. पुढे "कटाई का क्या भाव लगा रहे बाप्पा?" सरदारजी ट्रॅक्टरच्या टपावरून शांतपणे उत्तर देतात, "पाय ना भाऊ, मागच्या सालापेक्षा जास्त लागतीन. डिझेल काहून नाई मोजत तुमी?" दरवर्षी याच भागात येऊन येऊन सरदारजी वऱ्हाडी झालेले. तरी सातभाषे परत येऊन सांगतात, "जमवलं बाप्पा पंजाबीत."

मारवाडीचंही तसंच. अडत्याच्या गादीवर ते "कांई भाव?" असं विचारतात, आणि तीन पिढ्यांपासून इथे असलेले शेठजी त्यांना अशा ठसक्याच्या वऱ्हाडीत कापूस ओला असल्याचं पटवतात की सातभाष्यांना आपलीच बोली परकी वाटावी. हा माणूस कुणाची भाषा शिकत नाही. तो समोरच्याला आपली शिकायला लावतो, आणि श्रेय स्वतःच्या खात्यात मांडतो. मला याचं कौतुकच वाटतं.

त्यांची भाषा कुठे अडली असेल तर पुण्यात, आणि तीही यादीतली पहिली. मुलाकडे गेले होते. दुकानात म्हणाले, "भाऊ, एक किलो साकर देजा." दुकानदार म्हणाला, "भैया, खुल्ला चाहिये या पॅकेट?" सातभाषे परत आले ते तणतणत. "पुन्यातल्या लोकायले मराठी येतच नाई. मीच मंग त्याच्यासाठी हिंदीत बोललो." मी समजूत घालायला गेलो तर त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा याच बोलीत कीर्तन करत, ते मुंबईला समजे, "मंग त्या किराणावाल्याले काहून नाई समजत?" याला उत्तर नाही.

थोरामोठ्यांची उदाहरणं मात्र त्यांच्यापुढे चालत नाहीत. रामटेकनं १९८४ आणि १९८९ ला लोकसभेत पाठवलेले नरसिंह राव केवढे बहुभाषी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, असं मी एकदा सांगितलं. सातभाषे क्षणभर विचारात पडले. "येत असत्या तं बोलले नसते का?"

त्यांच्याच शेतावर कापूस वेचायला मेळघाटातून बायका येतात. घरची कोरकू, जंगलखात्याच्या माणसाशी हिंदी, मालकाशी वऱ्हाडी. तिन्ही अशा बिनचूक, की एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना कुठे टाका दिसत नाही. त्यांतल्या एका मावशीला मी विचारलं, किती भाषा येतात? ती लाजली. "मी शायेत नाई गेली बाबू, मले कोन्तीच नाई येत." कोरकू ही आपल्या भाषांच्या कुळातलीच नव्हे; मुंडारी, संताळीची ती बहीण, त्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं घर. सातभाष्यांना तिच्यातले पाणी आणि भाकर हे दोन शब्द येतात. यादीत मात्र तेच.

आता जनगणना. २०११ ला जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी त्यांच्या ओसरीवर आले. मातृभाषा लिहून झाली. मग आणखी येणाऱ्या भाषा विचारल्या. सातभाषे खुर्चीत सरसावले, पहिलं बोट उचललं.

"दोनच, काका," गुरुजी म्हणाले. "मातृभाषेशिवाय दोनच रकाने हायेत."

"दोन? मंग बाकीच्यायचं काय करू?"

"राहू द्या तशाच."

राहू देणारा हा माणूस नव्हे. यांच्या घराण्यानं सीलिंगचा कायदा पाहिलेला. मर्यादेपेक्षा जास्त जमीन निघाली तेव्हा आजोबांनी काय केलं होतं, ते यांना पाठ होतं. थोडा वेळ गप्प बसले, मग खुर्ची गुरुजींच्या जवळ ओढली.

"असं करा गुरुजी. हिंदी आन इंग्रजी माह्या नावावर ठेवा. उर्दू, मारवाडी पोट्ट्याच्या नावावर चढवा. पंजाबी बायकोच्या टाका."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "माह्या नावावर पंजाबी नका टाकू! मी दुसऱ्याची भाषा कायले सांभाऊ? आन तुमी मेल्यावर वारस लावाले तहसीलात कोन चकरा मारीन?"

गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली आणि पाणी मागितलं. सातभाष्यांनी विचारलं, "कोन्त्या भाषेत?"