पंचवीस वाजून दहा मिनिटांची बस

नाशकात बस कुठे आहे हे ठाऊक नसलेला एकच माणूस असतो आणि तो थांब्यावर उभा असतो. बाकी सगळ्यांना ठाऊक असतं. बसमधल्या जीपीएस यंत्राला ठाऊक असतं, नियंत्रण कक्षातल्या पडद्याला ठाऊक असतं आणि ठेकेदाराच्या हिशेबनिसाला तर मीटरपर्यंत ठाऊक असतं. त्याला असणारच. ८ जुलै २०२१ रोजी एसटीच्या जागी महापालिकेची 'सिटीलिंक' रस्त्यावर आली ती 'ग्रॉस कॉस्ट' नावाच्या पद्धतीने. म्हणजे गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, वाहक पुरवणारा ठेकेदार आणखी वेगळा, तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन महामंडळाचे, आणि गाडीवाल्या ठेकेदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरमागे. गाडीत चाळीस माणसं होती की चार, याच्याशी त्याचा संबंध नाही. किलोमीटर मात्र मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे.

तेव्हा बसची खडान्‌खडा माहिती जमा होते, यात शंका नाही. ती बिलासाठी जमा होते. प्रवाशाने बिल लावलेलं नसल्यामुळे त्याचा विषय निघत नाही.

आता कुणी म्हणेल, ॲप आहे की! आहे, आणि त्यात बस दिसतेही. नकाशावर एक छोटीशी बस मुंगीसारखी सरकते आणि माणसाला धीर येतो. पण तेवढ्यावर भागत नाही असे काही असंतुष्ट जीव हल्ली निघाले आहेत. त्यांचं म्हणणं, आम्हाला नुसती बस बघायची नाही, आम्हाला माहिती हवी. सगळे थांबे, सगळे मार्ग, सगळ्या फेऱ्या, सगळ्या वेळा, संगणकाला वाचता येतील अशा, फुकट आणि कुणालाही वापरायची मुभा असलेल्या. या मागणीला माझा ठाम विरोध आहे आणि तो मी सविस्तर नोंदवणार आहे.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगतो. अमेरिकेत पोर्टलंड नावाचं गाव आहे. तिथल्या ट्रायमेट या बससंस्थेत बिबियाना मॅकह्यू नावाच्या बाई संगणक विभाग सांभाळत. परगावी गेल्यावर मोटारीचा रस्ता नकाशावर झटकन मिळतो, बसचा मात्र मिळत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली. आपल्याकडे अशी गोष्ट खटकली तर माणूस रिक्षा करतो. बाईंनी गूगलला गाठलं. तिथला ख्रिस हॅरलसन नावाचा अभियंता याच विषयाशी खेळत बसला होता. २००५ च्या डिसेंबरात पोर्टलंडच्या बस नकाशावर आल्या आणि त्यासाठी माहिती ज्या साच्यात बसवली तो साचा जगभर गेला. त्याला जीटीएफएस म्हणतात. त्यातला 'जी' आधी गूगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा केला. हा साचा म्हणजे साध्या मजकुराच्या काही फायली, एका झिपमध्ये बांधलेल्या. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत वेळा, एकीत कोणत्या वारी काय धावतं ते. बस्स. यात निविदा काढण्यासारखं काहीच नाही, आणि माझा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप थांब्यांच्या फाइलीला. तिच्यात प्रत्येक थांब्याचं एक नाव लिहावं लागतं आणि अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. एक नाव! ठक्कर बाजारचं स्थानक कुणाला नवं सीबीएस, कुणाला नुसतंच ठक्कर बाजार. आणि 'सीबीएसला उतरवा' म्हणणाऱ्याला जुनं हवंय की नवं हे त्याच्या तोंडाकडे बघून वाहकाने ओळखायचं असतं. मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं. नाशिककरांनी ते मनावर घेतलं नाही, सर्कल मायकोचंच राहिलं. सातपूरच्या रस्त्याला पपया नर्सरी आहे. तिथे उतरणाऱ्याला काम असतं कारखान्यात, पपई त्याच्या गावीही नसते. आता ही सगळी नावं एका साहेबाने एका रकान्यात भरायची म्हटली, तर मराठीतलं नाव, इंग्रजीतलं स्पेलिंग, लोकांच्या तोंडचं नाव आणि नुकत्याच झालेल्या ठरावातलं नाव यांवर महासभा रात्रीपर्यंत चालेल आणि सभासदांना घरी जायला बस राहणार नाही.

अक्षांश-रेखांशाचं तर विचारूच नका. दशांशचिन्हापुढे सहा आकडे दिले की जागा वीतभराच्या आत नेमकी होते म्हणतात. इथे वीतभर कुणाला पुरणार? आपल्याकडे थांबा हा प्रदेश असतो. खांब एकीकडे, निवारा शेड दुसरीकडे, सावली तिसरीकडे, आणि बस उभी राहते ती शेअर रिक्षांनी जागा सोडली असेल तिथे. प्रवासी या चारही ठिकाणांवर एकाच वेळी नजर ठेवून असतो. शेडवर थांब्याचं नाव असतं, पण त्यावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. नाव वाचायचं असेल तर भाऊंचा वाढदिवस उलटून दुसऱ्या भाऊंचा यायच्या आत, त्या मधल्या काळात जावं.

शेअर रिक्षाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शालिमारला 'नाशिकरोड, नाशिकरोड' अशी जी आरोळी उठते, ती या शहरातली सर्वांत जुनी खुली माहिती. मार्ग कळतो, गाडी कुठे आहे ते कळतं, किती सीट बाकी आहेत तेही कळतं. निघण्याची वेळ तेवढी सांगत नाहीत. सीट भरली की निघणार, हे मात्र सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

वेळांच्या फाइलीबद्दल मला थोडं मवाळ व्हावं लागेल, कारण ती वाचल्यावर मी चकित झालो. हा साचा परदेशी असला तरी तो लिहिणाऱ्यांना आपली रीत नीट कळलेली आहे. मध्यरात्रीनंतर संपणारी फेरी असेल तर तिची वेळ त्यात चोवीसच्या पुढे मोजतात. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पोचणारी बस तिथे पंचवीस वाजून दहा मिनिटांनी पोचते, आणि संगणक ते मुकाट मान्य करतो. शिवाय 'टाइमपॉइंट' नावाचा एक रकाना आहे. तिथे १ लिहिलं तर दिलेली वेळ नेमकी, ० लिहिलं तर अंदाजे. अंदाजे वेळेसाठी अधिकृत, आंतरराष्ट्रीय मान्यतेचा रकाना! खाली ओळीने शून्यं भरत जायचं, की झालं काम. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीची सोय बसमध्ये आहे का, यासाठीही असाच रकाना आहे. १ म्हणजे आहे, २ म्हणजे नाही आणि ० म्हणजे माहिती नाही. इतकी सोयीची शून्यं हातात असताना आपल्या कार्यालयांनी या साच्याला एवढं घाबरावं, हे मला कोडंच आहे.

अपवादांची फाइल निराळी असते. अमुक तारखेला नेहमीची बस धावणार नाही, असं तिच्यात लिहायचं. पोर्टलंडला ती नाताळासाठी उपयोगी पडत असेल. नाशकात वाहकांना थकलेल्या पगारासाठी वारंवार काम बंद ठेवावं लागलं आहे. मार्च २०२४ मध्ये तर संप दिवसचे दिवस चालला. संपाची तारीख वाहकांना आधी कळते, ठेकेदाराला कळते, निवेदनाची प्रत मिळाल्यामुळे कार्यालयाला कळते. परीक्षेला निघालेल्या मुलीला ती थांब्यावर कळते. अपवादांच्या फाइलीत एक ओळ घातली असती तर आदल्या रात्री तिच्या मोबाइलवर गेली असती, पण मग भल्या सकाळी थांब्यावर जी सार्वजनिक चर्चा रंगते, तिला शहर मुकलं असतं.

सगळ्यात धोकादायक उदाहरण आपल्या घरातच भिंतीवर टांगलेलं आहे. ग्रहताऱ्यांच्या गतीवर कुणाचा मालकी हक्क नाही. त्यामुळे सोलापूरचे दाते पंचांग छापतात, रुईकर छापतात, जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून कालनिर्णय घराघरात नेलं, आणि आता मोबाइलवर तर पंचांगांचं पेव फुटलंय. माहिती एकच, मांडणी हजार तऱ्हांची. म्हाताऱ्यांसाठी मोठ्या अक्षरात, मुंबईकरांसाठी खिशात मावेल अशी. गुरू सिंह राशीत कधी शिरणार हे नाशकातल्या पोराटोराला सांगता येतं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, हे आताच जाहीर आहे. कोट्यवधी किलोमीटरवरचा गुरू वेळेवर येणार याची खात्री आहे. निमाणीहून निघालेल्या बसबद्दल मात्र शपथेवर बोलायला कुणी तयार नाही. समजा बसचीही माहिती अशीच मोकळी सोडली तर? कुणी तरी कुंभासाठी हिंदीत, तेलुगूत, गुजरातीत बसचं पंचांग काढेल, आणि रामकुंडाचा रस्ता विचारत येणाऱ्या लाखो भाविकांना वाट दाखवण्याचं पुण्य पानटपरीवाल्यांच्या हातून जाईल.

पण खरी भीती ही नाही. बस पकडणाऱ्याचं मी एक वेळ समजू शकतो. मला भीती आहे ती मोजणाऱ्याची. समजा पंचवटीतल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोराने ती झिप उघडली, शहराच्या नकाशावर पसरली आणि रात्री नऊनंतर कोणत्या भागाला एकही फेरी नाही तेवढा भाग रंगवला. अंबडला दुसरी पाळी सुटते तेव्हा कामगारीण घरी कशी जाते, हा प्रश्न आजवर तिचा एकटीचा होता. नकाशा रंगवला की तो सगळ्या शहराचा होतो. मग दुसरं कार्टं ठरलेल्या फेऱ्या आणि धावलेल्या फेऱ्या शेजारी-शेजारी मांडणार. तिसरं म्हणणार, या किलोमीटरचे पैसे आमच्या घरपट्टीतून गेलेत, तर ते कुठल्या रस्त्यावर धावले ते दाखवा. ॲपमध्ये ही सोय नसते, हा ॲपचा मोठाच गुण. मुंगी सरकताना बघता येते, पण महिनाभर ती कुठे कुठे गेली नाही, ते तिला विचारता येत नाही.

दिल्लीने २०१८ मध्ये तिथल्या आयआयआयटीला हाताशी धरून बसची माहिती खुली केली, कोचीच्या मेट्रोनेही त्याच वर्षी केली. करोत बापडे. नाशिकची परंपरा वेगळी आहे. आमच्याकडे जी गाडी नाही तिचा नकाशा सर्वांना तोंडपाठ असतो. गंगापूर ते नाशिकरोड, गंगापूर ते मुंबई नाका, रबरी टायरची मेट्रो निओ, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०९२ कोटी! स्थानकं कुठे येणार हे पाहून लोकांनी फ्लॅटचे भाव चढवले. जी बस रोज धावते तिचा अख्खा नकाशा ज्याने कधी एका कागदावर पाहिलाय, असा नाशिककर मात्र मला भेटायचाय.

एवढं सगळं सांगूनही ज्यांची हौस फिटत नाही, त्यांच्यासाठी कायदा आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ म्हणतं की कार्यालयांनी आपण होऊन इतकी माहिती जाहीर करावी, की लोकांवर अर्ज करायची वेळच येऊ नये. हे कलम फार सुंदर आहे. आपण थेट कलम ६ कडे वळू. 'माझी बस सध्या कुठे आहे' असा अर्ज साध्या कागदावर करता येतो. उत्तर तीस दिवसांत मिळतं. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत, तेव्हा दुपारच्या उन्हात उभे असाल तर तसा उल्लेख जरूर करा. उत्तर पटलं नाही तर अपील आहे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. तो कोर्टाच्या आवारात, जिल्हाधिकारी कचेरीच्या बाजूला मिळेल. अगदी सोपं आहे, सीबीएसची बस पकडायची. जुन्या.