वाढप्याचा डेक

दुसऱ्याच्या हातात पत्ते देणं ही आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षा मानली गेली आहे. झब्बू खेळत वाढलेल्या घरात दुसरं काय होणार? आमचे आजोबा सख्ख्या नातवाला झब्बू देताना कधी कचरले नाहीत. उलट सात-आठ पत्ते एकदम त्याच्या गळ्यात पडले की त्यांना दुपारची झोप चांगली लागत असे. त्यामुळे मी भाच्याला "घे, तुला एक पत्ता" म्हणालो तेव्हा शेजारी शेंगा सोलत बसलेली बहीण चपापून म्हणाली, "त्याला कशाला देतोस? लहान आहे तो."

लहान म्हणजे दहावीत आहे. आणि त्या क्षणी तो शी-हल्क होता.

खेळ होता 'मार्व्हल चॅम्पियन्स'. मिनेसोटातल्या फॅन्टसी फ्लाइट गेम्सने तो 2019 साली काढला. मायकेल बॉग्ज, नेट फ्रेंच आणि कॅलेब ग्रेस या तिघांनी तो रचला. एक ते चार जण खेळतात, आणि सगळे एकाच बाजूला. समोर माणूसच नाही. रायनो, क्लॉ नाहीतर अल्ट्रॉन यांच्यापैकी एक खलनायक पत्त्यांच्या गड्डीच्या रूपाने बसलेला असतो आणि नियमानुसार आपल्याला तुडवत राहतो. हे ऐकल्यावर दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "मग भांडायचं कुणाशी?" रास्त प्रश्न होता. उत्तर पहिल्याच डावात मिळालं: आपसात.

प्रत्येकाचा डेक वेगळा. 40 ते 50 पत्ते. त्यांतले 15 त्या त्या नायकाचे, ते घ्यावेच लागतात. उरलेले आपण निवडायचे, पण चार रंगांपैकी एकाच रंगातले: तांबडा मारामारीचा, पिवळा न्यायाचा, हिरवा बचावाचा, निळा नेतृत्वाचा. शिवाय राखाडी रंगाचे पत्ते कुणालाही चालतात. (राखाडी लक्षात ठेवा, पुढे घात तिथेच आहे.) भाच्याने तांबडा उचलला, त्यात चर्चेला वावच नव्हता. दाजी निवृत्तीला आलेले बँकवाले. त्यांनी ब्लॅक पँथर आणि हिरवा घेतला, कारण त्यांच्या मते भांडवल सुरक्षित राहिलं पाहिजे. बायकोने स्पायडरमॅन आणि पिवळा. उरला निळा. तो माझा.

आता रायनोला पहिल्या टप्प्यात माणशी 14 घाव लागतात, म्हणजे चौघांत 56. तो पडला की उठून दुसऱ्या टप्प्यात माणशी 15, म्हणजे आणखी 60. एवढे घाव घालायचे तर कुणीतरी तलवारीला धार लावून द्यायला हवी, असं मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. तिघेही नायक व्हायला निघालेले असताना चौथा नायक झालो असतो तर माझ्याकडे कुणी पाहिलं नसतं. पंगतीत जेवणारे शंभर असतात, पण सगळ्यांच्या नजरा असतात त्या जिलबीचं ताट घेऊन फिरणाऱ्या वाढप्यावर. मला वाढपी व्हायचं होतं.

त्यासाठी मी निवडली कॅप्टन मार्व्हल. या बाईंचं चित्र पाहून कुणालाही वाटेल की ह्या फक्त ठोसे मारतात. पण या खेळात प्रत्येक नायकाचा पत्ता उलटता येतो. एका बाजूला पोशाखातला, दुसऱ्या बाजूला घरच्या कपड्यांतला. कॅप्टन मार्व्हल उलटली की कॅरल डॅन्व्हर्स होते, आणि कॅरल डॅन्व्हर्स दर फेरीला कुणाही एका भिडूला फुकट एक पत्ता ओढायला देते. मूळ पेटीत पाच नायक आहेत, पण घरी बसून दुसऱ्याचं भलं करणारी ही एकटीच. पीटर पार्कर घरी आला की स्वतःचं सामान जमवतो. टोनी स्टार्क स्वतःचे पत्ते चाळतो. जेनिफर वॉल्टर्स वकील आहे, ती हरकत घेते.

पेटीवाल्यांची या मंडळींच्या संसाराची जाण मला फार आवडली. प्रत्येक नायकाची एक घरगुती अडचण खलनायकाच्या गड्डीत मिसळलेली असते आणि ती नको त्या वेळी निघते. आयर्न मॅनला धंद्यातल्या भानगडी, ब्लॅक पँथरला राज्यकारभार, शी-हल्कला कोर्टाचं काम, कॅप्टन मार्व्हलच्या घरी कुणाचं तरी काहीतरी. आणि स्पायडरमॅनला? जागा खाली करण्याची नोटीस. बायकोच्या वाट्याला ती आली तेव्हा समोर रायनो उभा होता, पण दाजी पत्ते खाली ठेवून म्हणाले, "पागडीची जागा आहे का विचारा आधी."

तर डेक. मी एक अख्खी रात्र जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडून बसलो. पहिला घेतला अव्हेंजर्स मॅन्शन, म्हणजे त्या लोकांचा वाडा: दर फेरीला हा पत्ता आडवा करायचा आणि कुणालाही एक पत्ता द्यायचा. दुसरा हेलिकॅरियर, उडतं विमानतळ: हा आडवा केला की कुणाचाही पुढचा पत्ता एकाने स्वस्त. मग मरिया हिल, जी येतानाच प्रत्येकाला एकेक पत्ता देते. निक फ्युरी, जो येतो, तीन पत्ते देतो, हवं तर कुणाचा तरी मार अंगावर घेतो आणि फेरी संपताच निघून जातो. पाहुणा असावा तर असा. 'लीड फ्रॉम द फ्रंट', ज्याने निवडलेल्या भिडूची सगळी माणसं खलनायकाची पाळी येईपर्यंत तेजीत येतात. आणि 'मेक द कॉल'. या शेवटच्या पत्त्यावर माझा विशेष जीव. कुणाच्याही टाकलेल्या पत्त्यांतला साथीदार त्याची किंमत मोजून पुन्हा उभा करायचा, आणि तो येणार आपल्या बाजूला. दाजींची पडलेली माणसं मी त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून माझ्याकडे लावली. "ती माझ्या डेकमधली होती," ते म्हणाले. मी म्हणालो, "बुडीत खात्यात टाकली होती ना तुम्ही?"

या खेळात पैसे नाहीत. पत्ता खेळायचा तर त्याची किंमत हातातले दुसरे पत्ते टाकून भरायची. वाड्याची किंमत चार. पोशाखातल्या कॅप्टन मार्व्हलच्या हातात पत्ते पाच. म्हणजे दुसऱ्याच फेरीत मी चार पत्ते टाकून वाडा बांधला आणि रिकाम्या हाताने बसलो.

"अहो, रायनो अंगावर धावून येतोय," बायको म्हणाली, "आणि तुम्ही घर बांधताय?"

"गुंतवणूक आहे," दाजी माझ्या बाजूने बोलले. त्यांनी माझी बाजू घेतली ती तेवढीच.

वाढायलाही वेळ साधावी लागते, हे जेवणाऱ्याला कळत नाही. सगळ्यांचे डाव झाले की प्रत्येकजण आपल्या हातातले पत्ते ठरलेल्या संख्येपर्यंत भरून घेतो. त्यामुळे ज्याचा डाव होऊन गेला त्याला मी पत्ता दिला, तर तो नंतर एक पत्ता कमी ओढणार; म्हणजे हात धुऊन उठलेल्या माणसाच्या पानात जिलबी. त्याचा डाव येण्याआधी किंवा चालू असतानाच द्यायला हवा. मरिया हिल सगळ्यांना देते म्हणून ती काढायची ती फेरीत पहिला मान आपला असताना. तो मान दर फेरीला पुढच्या भिडूकडे सरकतो, म्हणजे चौघांत आपली पाळी चौथ्या फेरीला. तोवर मरिया हिल हातात धरून ठेवायची आणि "काय धरून बसलाय?" या प्रश्नाला गूढ हसायचं.

दुसऱ्याच्या डावात माझा वाडा वापरायचा तर मात्र नियम असा की ज्याचा डाव चालू आहे त्याने मला तशी विनंती करायची. हा नियम ज्याने लिहिला त्याला मनुष्यस्वभावाचं ज्ञान होतं. भाचा म्हणायचा, "मामा, वाडा." मी ऐकू न आल्यासारखं करायचो. "मामा, वाडा देता का?" मग मी विचारायचो की पत्ता घेऊन काय करणार, कुठे वापरणार, आधी ती उभी असलेली दोन फालतू माणसं का नाही मारत. त्याने पटेल असं उत्तर दिलं की मी पत्ता आडवा करायचो. सहकारी खेळांचं एक जुनं दुखणं आहे: एकच शहाणा सगळ्यांचे डाव खेळतो. मॅट लीकॉकचा 'पॅन्डेमिक' 2008 साली आला, त्यात जवळपास सगळं टेबलावर उघडं असल्याने हा रोग फार फोफावतो. इथे चार डेक, चार हात, प्रत्येकाची वेगळी गुंतागुंत, त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्याने खेळणं अवघड. पण मदतीच्या मिषाने हुकूम सोडता येतो, आणि समोरचा वर आभारही मानतो.

तक्रार एकटी बायको करायची. कारण नायक घरच्या कपड्यांत असला की खलनायक त्याला मारत नाही. त्याऐवजी आपला कट पुढे सरकवतो. कट पूर्ण झाला की सगळेच हरले. मी कॅरल डॅन्व्हर्स होऊन पत्ता वाटला की टेबलाच्या मध्यभागी संकटाचे ठोकळे वाढत, आणि ते उपसायचं काम पिवळ्या डेकचं, म्हणजे तिचं. "तुम्ही घरात बसून लोकांना वाटत सुटणार आणि मी बाहेर जाऊन निस्तरणार," ती म्हणाली. हे वाक्य खेळापुरतं होतं का, हे मी विचारलं नाही.

शी-हल्कचं प्रकरण तर मदत करणाऱ्याची परीक्षा पाहणारं. तिच्याकडे 'गॅमा स्लॅम' नावाचा पत्ता आहे: स्वतःला जेवढी दुखापत झाली असेल तेवढी शत्रूला परत करायची, 15 पर्यंत. आणि तिचे प्राण आहेत नेमके 15. म्हणजे मरणाच्या दारात, एका श्वासावर उभी असलेली शी-हल्क सगळ्यात उपयोगी. भाचा शिस्तीत मार खात 14 पर्यंत पोचला. सगळं जुळून आलं होतं. तेवढ्यात दाजींनी आपल्या डावात वैद्यकीय पथक आडवं केलं आणि मुलाच्या प्राणांची चकती प्रेमाने दोन अंकांनी वर फिरवली.

"बाबा! मला बरं करू नका!"

ही किंकाळी ऐकून बहीण स्वयंपाकघरातून धावत आली. दाजी हातात चकती घेऊन बसले होते. बाप मुलावर उपचार करतो आणि मुलगा ओरडतो, हे दृश्य तिला कसं समजावणार? आम्ही चकती परत खाली फिरवली. नियमात बसत नव्हतं, पण घरात शांतता महत्त्वाची.

आणि आता माझं काम. गॅमा स्लॅमची किंमत चार. हिरव्या रूपातल्या शी-हल्कचा हात चारच पत्त्यांचा, त्यातला एक स्वतः गॅमा स्लॅम. उरले तीन, आणि भाच्याच्या हातातले तिन्ही एकेरी. तीन पत्त्यांत चार कसे भरणार? भाच्याने तिन्ही पत्ते उलटसुलट करून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. या नजरेसाठी मी रात्रभर जागलो होतो. मी हेलिकॅरियर दोन बोटांनी धरला आणि शक्य तितक्या सावकाश आडवा केला. किंमत तीन. रायनोचे 13 उरले होते, घाव 14 चा बसला.

पुढचे आठ दिवस भाचा इमारतीतल्या पोरांना सांगत फिरला की आपण एका फटक्यात रायनो पाडला. मी बहिणीला समजावून पाहिलं की तो फटका हेलिकॅरियरशिवाय बसलाच नसता. ती म्हणाली, "हो का? छान." आणि भाच्याला आणखी एक लाडू दिला.

दाजींना डाव लक्षात राहिला होता. बायकोला तर फारच. पुढच्या रविवारी एकाच पेटीतून चौघांचे डेक बांधायला बसलो तर मला वाडा सापडेना. हेलिकॅरियर नाही. निक फ्युरीही नाही, आणि तो पेटीत एकच असतो.

"राखाडी पत्ते कुणालाही चालतात ना?" बायकोने आपली गड्डी पिसत विचारलं.

चालतात. नियमच आहे. माझ्याकडे मरिया हिल उरली, आणि टाकलेली माणसं उचलण्याचा धंदा. समोर या वेळी क्लॉ होता. तिने तिसऱ्या फेरीत वाडा उभा केला, एक पत्ता भाच्याला दिला, पुढच्या फेरीला दाजींना, मग परत भाच्याला. काही न विचारता, पटापट. दोघे तिच्यावर भलतेच खूश होते. माझा डाव आला. हातात 'मेक द कॉल', टाकलेल्या पत्त्यांत मरिया हिल, आणि किंमत भरायला एक पत्ता कमी.

मी थोडा वेळ क्लॉच्या चित्राकडे पाहिलं. मग छताकडे.

"तुमचा डाव आहे," दाजी म्हणाले.

"अगं," मी म्हणालो, "तो वाडा... मोकळा आहे का?"

"आहे की," ती म्हणाली. "पत्ता घेऊन काय करणार ते सांगा आधी. आणि ती समोरची दोन माणसं अजून का नाही मारली?"